अंत्युखियाची पंगत



आजच्या व्याख्यानासाठी मी एक असा शब्द घेतला आहे, जो मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानावर लहानपणापासून पडतो आणि म्हणूनच तो फारसा कोणी उघडून पाहत नाही. ‘नीतिमान’ हा तो शब्द. मराठीत नीती म्हटले की सदाचार डोळ्यांसमोर येतो. नीतिमान म्हणजे खोटे न बोलणारा, घेतलेले पैसे वेळेवर परत करणारा, परस्त्रीकडे वाकड्या नजरेने न पाहणारा. त्यामुळे ‘विश्वासाने नीतिमान ठरणे’ हे शब्द ऐकले की मराठी श्रोत्याच्या मनात दोनच अर्थ उभे राहतात. विश्वास ठेवला की माणूस आपोआप सद्गुणी होतो, हा एक; तो अनुभवाला उतरत नाही. सद्गुण नसले तरी चालेल, विश्वास असला म्हणजे झाले, हा दुसरा. तो कोणत्याही सरळ मनाच्या माणसाला पटू नये असाच आहे. मुळात प्रेषित पौलाने वापरलेला ग्रीक शब्द ‘डिकायोसीने’ आणि त्यामागे उभा असलेला हिब्रू ‘त्सदाका’ यांना न्यायासनाचा वास आहे. दोन माणसे दावा घेऊन न्यायाधीशापुढे उभी राहतात, न्यायाधीश ऐकून घेतो आणि एकाच्या बाजूने निवाडा देतो. ज्याच्या बाजूने निवाडा लागला तो नीतिमान. आपल्या बोलीत यासाठी फार सुरेख शब्दप्रयोग आहे. आपण म्हणतो, ‘अखेर तो खरा ठरला.’ बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी ‘नीतिमान होणे’ न लिहिता ‘नीतिमान ठरणे’ लिहिले. त्या ‘ठरणे’ या क्रियापदात सगळा अर्थ साठला आहे. होणे हे माणसाच्या आत घडते. ठरणे हे दुसऱ्या कोणाच्या तरी निर्णयाने घडते.

लूकच्या शुभवर्तमानातली परूशी आणि जकातदार यांची गोष्ट याच क्रियापदावर संपते. मंदिरात दोघे प्रार्थनेला येतात. एक आपले उपास आणि दशमांश मोजून दाखवतो, दुसरा मान वर न करता दयेची याचना करतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो दुसरा. मंदिराच्या पायऱ्या चढताना आणि उतरताना त्याच्या हिशोबाच्या वहीत काहीच बदललेले नाही. बदलला आहे तो निवाडा. ख्रिस्ती सुवार्तेचा गाभा एवढ्या छोट्या गोष्टीत सांगून होतो, आणि पुष्कळ उपदेशक तो इथेच सांगून थांबतात. मला मात्र आज थोडे पुढे जायचे आहे. माझे म्हणणे असे की हा निवाडा पौलाने पहिल्यांदा सविस्तर मांडला तो एका जेवणाच्या भांडणात, आणि जेवणाच्या पंगतीपासून तोडला की तो निवाडाच आपल्याला कळेनासा होतो. सुवार्तेचे आजवर जे मोठे अपयश झाले, ते या तोडण्यातून झाले आहे.

ते भांडण अंत्युखियाचे. सीरियातल्या ओरोंतेस नदीकाठचे हे शहर रोमन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होते. आज ते तुर्कस्तानात अंताक्या या नावाने आहे आणि २०२३ च्या भूकंपात त्याची फार मोठी हानी झाली. येशूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा याच गावात मिळाले. इथल्या मंडळीत यहूदी होते आणि परराष्ट्रीयही, म्हणजे यहूदी नसलेले लोकही, होते, आणि दोघे एकत्र जेवत होते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की पेत्र तिथे आला तेव्हा तोही या एकत्र पंगतीत बसे. पुढे यरुशलेमहून, तिथल्या मंडळीचा प्रमुख याकोब याच्याकडून काही माणसे आली आणि पेत्र मागे सरला. इथे ग्रीक क्रियापदांचे काळ पाहण्यासारखे आहेत. पौल ‘जेवला’ असे लिहीत नाही, ‘जेवत असे’ असे लिहितो. म्हणजे हा रोजचा परिपाठ होता. आणि पेत्र ताडकन उठून गेला असेही तो म्हणत नाही. क्रियापद सांगते की तो मागे मागे सरू लागला, स्वतःला वेगळा काढू लागला. एखाद्या दिवशी उशिरा यायचे, एखाद्या दिवशी भूक नाही म्हणायचे, मग हळूहळू दुसऱ्या घरी बसायचे. पंगत मोडण्याची ही रीत आपल्या गावांत कोणाला नवी नाही. ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द ज्या भाषेत घडला, त्या भाषेच्या वाचकाला हा अध्याय टिपांशिवाय कळायला हवा.

पेत्राचे पाहून बाकीचे यहूदी उठले. बर्णबासुद्धा, जो पौलाचा सोबती आणि एका अर्थाने त्याला हाताला धरून आणणारा, तोही उठला. मागे राहिले ते परराष्ट्रीय. कोणी त्यांना हाकलले नव्हते. त्यांचा बाप्तिस्मा रद्द झाला नव्हता. त्यांच्या विश्वासात उणे काढणारे एक वाक्यही कोणी बोलले नव्हते. फक्त समोरच्या जागा रिकाम्या झाल्या होत्या, आणि त्या रिकाम्या जागा सांगत होत्या की आमच्यासोबत बसायचे असेल तर आधी सुंता करून घ्या, आमच्यासारखे व्हा. पौलाने हे ओळखले आणि सर्वांच्या देखत पेत्राला जाब विचारला. त्याने वापरलेला आरोप मोठा आहे. शिष्टाचार चुकला, पाहुण्यांची मने दुखावली, असे तो म्हणत नाही; ही माणसे सुवार्तेच्या सत्याप्रमाणे सरळ पावले टाकत नाहीत, असे तो म्हणतो. आणि लगेच, त्याच दमात, पुढच्या वाक्यांत तो सिद्धांत येतो, ज्याच्यावरून पंधराशे वर्षांनी युरोप दुभंगला: नियमशास्त्राच्या कृत्यांनी कोणी नीतिमान ठरत नाही, येशू ख्रिस्तावरील विश्वासाने ठरतो. म्हणजे ‘विश्वासाने नीतिमान’ हा सिद्धांत कोणा एकट्या माणसाच्या रात्रीच्या तळमळीला उत्तर म्हणून इथे आलेला नाही. उठून गेलेल्या माणसांना परत पंगतीत बोलावण्यासाठी तो आला आहे.

यावर एक रास्त शंका निघते. पौल ‘नियमशास्त्राची कृत्ये’ म्हणतो तेव्हा त्याला सगळीच सत्कृत्ये अभिप्रेत असतील, जेवणाखाणाचे नियम हे केवळ निमित्त असेल. मग एका निमित्तावर एवढा भार का द्यावा? या शंकेला उत्तर देणारा एक पुरावा विसाव्या शतकात मिळाला. मृत समुद्राकाठी कुमरान येथे १९५२ साली उघडलेल्या चौथ्या गुहेत एका हिब्रू पत्राच्या सहा प्रतींचे तुकडे सापडले. विद्वानांनी ते जुळवून १९९४ साली अधिकृतपणे प्रसिद्ध केले. या पत्राचे आजचे नाव त्यातल्याच शब्दांवरून पडले आहे, आणि ते शब्द आहेत ‘नियमशास्त्राची काही कृत्ये’. पौलाचाच वाक्प्रयोग, त्याच्या आधीच्या काळातल्या एका यहूदी गटाच्या लेखणीतून. ही कृत्ये कोणती? दानधर्म, सत्यवचन, आईबापांचा मान यांची ती यादी नाही. मंदिराच्या आणि शुद्धाशुद्धतेच्या बारीक निर्णयांची आहे. त्यातला एक निर्णय मराठी घराला चटकन ओळखू येईल. शुद्ध भांड्यातून अशुद्ध भांड्यात पाणी ओतताना मध्ये जी धार असते, ती दोन्ही भांड्यांना जोडते की वेगळी ठेवते? पत्र लिहिणाऱ्यांचे मत असे की धार जोडते. खालचा विटाळ धारेतून वर चढतो. आपल्या आज्या वरून पाणी घालताना हात किती उंच धरायच्या आणि का, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना कुमरानचे हे वाक्य परके वाटणार नाही. याच पत्रात लिहिणारे सांगतात की आम्ही लोकसमुदायापासून वेगळे झालो. आणि पत्राच्या शेवटी ते वाचणाऱ्याला आश्वासन देतात की हे निर्णय मानलेत तर ते तुमच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून गणले जाईल. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहामाविषयी जे क्रियापद आहे, तेच इथे आहे.

हा पुरावा जपून वापरला पाहिजे. त्यावरून सगळा यहूदी धर्म कर्मठ होता, पुण्याची खाती भरून देवाला ऋणी करू पाहत होता, असे म्हणणे हा खोटा आरोप आहे आणि ख्रिस्ती व्यासपीठांवरून तो फार वेळा झाला आहे. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ साली आपल्या ग्रंथात त्या काळचे यहूदी साहित्य तपासून दाखवून दिले की यहूदी माणूस देवाच्या करारात आला तो देवाच्या निवडीने, कृपेने. नियमशास्त्र पाळायचे ते त्या करारात राहण्यासाठी. पाच वर्षांनी जेम्स डन यांनी मांडले की पौलाचा रोख सत्कृत्यांवर नसून सुंता, खाणेपिणे, शब्बाथ यांसारख्या कुंपणाच्या खुणांवर होता. मला या संशोधनाचे मोल मोठे वाटते. पण त्याच्या आधारे काही अभ्यासक असे सुचवू लागले की धर्मसुधारक मार्टिन लुथरने सगळाच घोळ घातला आणि पापी माणूस व देव हा प्रश्न पौलाच्या मनात नव्हताच, तिथे मी त्यांच्यापासून वेगळा होतो. रोमकरांस लिहिताना पौल कुंपणापाशी थांबत नाही. यहूदी आणि परराष्ट्रीय दोघांनाही तो एकाच कठड्यात उभे करतो, आणि देव अधार्मिकाला नीतिमान ठरवतो इथपर्यंत त्याची मजल जाते. हे वाक्य जेवणाच्या नियमांपुरते असूच शकत नाही.

क्रिस्टर स्टेंडाल या, पुढे बिशप झालेल्या, स्वीडिश अभ्यासकांनी १९६३ च्या एका प्रसिद्ध लेखात म्हटले की स्वतःच्या अंतःकरणात खोल डोकावून ‘मला कृपाळू देव कसा मिळेल’ म्हणून तळमळणे हा पाश्चात्त्य मनाचा स्वभाव आहे. लुथरने तो पौलावर लादला. या दाव्याला उत्तर द्यायला मला युरोपात जावे लागत नाही. केडगावला, पंडिता रमाबाईंकडे, जावे लागते. पंडिता रमाबाई अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कन्या. त्यांचे बालपण तीर्थयात्रांत गेले. पुराणे सांगायची, व्रते करायची, क्षेत्रे पायी हिंडायची आणि पुण्य जोडायचे. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील डोळ्यांसमोर गेले. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण आपल्या ‘साक्षी’त त्या सांगतात की तेव्हा हाती आला तो ख्रिस्ती धर्म, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षे जावी लागली. त्या आठ वर्षांत त्यांना काय कमी होते? विद्या होती, त्याग होता, शारदा सदनासारखे काम उभे राहिले होते. कमी होती ती एकच गोष्ट: आपल्या हातून जे होते आणि होत नाही त्याच्या बेरजेवर आपला निवाडा अवलंबून नाही, हा दिलासा. मठात उपासांनी झिजलेला लुथर आणि तीर्थांच्या वाटेवर वाढलेली ही मराठी संस्कृत पंडिता, यांना एकमेकांचा प्रश्न कळला असता. लुथरने १५४५ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, मागे वळून लिहिले की ‘देवाचे नीतिमत्त्व’ हे शब्द त्याला एके काळी नकोसे वाटत, कारण त्यांत त्याला शिक्षा करणारा न्यायाधीश दिसे. ते देवाने दिलेले दान आहे हे उमगले तेव्हा जणू स्वर्गाची दारे उघडली. हा पाश्चात्त्य आजार नव्हे. ज्या ज्या समाजात माणसाची किंमत कशाने तरी सिद्ध करावी लागते, त्या त्या समाजात ही तळमळ उगवते.

आणि इथेच तळमळ आणि पंगत यांचा सांधा आहे. आपली किंमत आपणच सिद्ध करायची म्हटले की मोजमाप लागते, आणि मोजायला शेजारी लागतो. मंदिरातल्या परूशाने आपल्या चांगुलपणाचा हिशोब मांडताना जकातदाराकडे पाहिले, हे त्या गोष्टीतले सर्वांत नेमके निरीक्षण आहे. कोणीतरी खालच्या पाटावर बसल्याशिवाय वरच्या पाटाला अर्थ नसतो. स्वतःविषयी धास्तावलेला माणूस आणि दुसऱ्याला दूर बसवणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. पेत्र दुष्ट नव्हता. पौल कारण देतो ते भीतीचे. निवाडा फुकट मिळाला आहे, आधीच मिळाला आहे, हे ज्याला खरोखर कळले त्याची ही भीती जाते, आणि तिच्याबरोबर पाटांची उतरंडही. म्हणून लुथरने वाचलेला पौल आणि सँडर्स-डन यांनी वाचलेला पौल या दोघांत निवड करावी असे मला वाटत नाही.

आता सर्वांत जुना आणि आपल्या मातीत सर्वांत खोल रुजलेला आक्षेप. करावे तसे भरावे, हा न्याय मराठी मनाला श्वासासारखा आहे, आणि तो टाकाऊ नाही. दोषीला दोषी आणि निर्दोषाला निर्दोष म्हणणे एवढे तरी न्यायाधीशाने करावे ना? अधार्मिकाला नीतिमान ठरवणारा न्यायाधीश आपण तालुक्याच्या कोर्टातही खपवून घेणार नाही. पौलाला या आक्षेपाची पूर्ण कल्पना होती. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात त्याने हिशोबनिसाचा शब्द घेतला, ‘गणणे’, आणि एका अध्यायात तो अकरा वेळा वापरला. मजुराला मजुरी मिळते ती उपकार म्हणून गणली जात नाही, ती त्याची येणे रक्कम असते. अब्राहामाच्या खात्यावर जे मांडले गेले ते मात्र येणे नव्हते. ते केव्हा मांडले गेले, हे पौल एखाद्या वकिलासारखा विचारतो. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात; सुंता येते सतराव्यात. म्हणजे अब्राहाम नीतिमान ठरला तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती. पंगतीत ज्यांना दूर बसवले जात होते, नेमका त्यांच्यासारखाच तो होता. मग दोष गेला कुठे? पौलाचे उत्तर असे की तो झाकला गेला नाही, त्याची किंमत मोजली गेली, आणि ती ज्याला निवाडा द्यायचा होता त्यानेच आपल्या अंगावर घेतली. वधस्तंभ हा पौलाच्या लेखी देवाच्या न्यायाला दिलेली बगल नाही. देवाचा न्याय जाहीर रीतीने दाखवला गेला ती जागा आहे. हे मानायचे की नाही, हा विश्वासाचा प्रश्न, आणि तो युक्तिवादाने सुटेल असा माझा दावा नाही. पण न्यायाची पर्वा नसलेला हा सिद्धांत आहे, हा आरोप त्याच्यावर लागू पडत नाही. शिवाय करावे तसे भरावे या सूत्राला एक दुसरी बाजू आहे, ती आपल्या समाजाने भोगली आहे: जो आज भोगतो आहे त्याने केव्हा तरी केलेच असेल. उंबऱ्याबाहेर उभ्या केलेल्या माणसाला शतकानुशतके हेच ऐकवले गेले. निवाडा आधी आणि कृत्य नंतर, असे म्हणणाऱ्या सुवार्तेने हे वाक्य उच्चारणे अशक्य केले पाहिजे.

निवाडा आधी असेल तर मग चांगले का वागावे, हा प्रश्नही पौलाच्या हयातीतच विचारला गेला आणि त्याचे उत्तर त्याच्या पत्रांत पानोपानी आहे; त्यावर मी फार वेळ घेत नाही. येशूच्या दाखल्यात घरी परतलेल्या मुलाला बापाने अंगरखा घातला तो उद्या शेतावर कामाला जाऊ नकोस म्हणून नव्हे.

याकोबाच्या पत्राकडे मात्र थोडे थांबून पाहायला हवे. पौलाच्या विरोधात नेहमी उभा केला जातो तो याकोबाचा दुसरा अध्याय. अब्राहाम कृत्यांनी नीतिमान ठरला, केवळ विश्वासाने नव्हे, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे, आणि आधार म्हणून पौलाने घेतलेले उत्पत्तीचे तेच वचन घेतले आहे. लुथरने आपल्या जर्मन भाषांतरात रोमकरांस पत्रात मुळात नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला आणि याकोबाचे पत्र मागच्या बाकावर बसवले, हे सर्वश्रुत आहे. पौल आणि याकोब या दोघांची शब्दकळा जुळवून दाखवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. याकोब ज्या विश्वासाला निर्जीव म्हणतो तो भुतांनाही असतो असे तो स्वतःच सांगतो, म्हणजे ती केवळ एक मान्यता आहे. पौलाच्या ‘पिस्तिस’ या शब्दात भरवसा आणि विश्वासूपणा दोन्ही आहेत. हे बरोबरच आहे. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की लोक हा अध्याय मधून वाचायला घेतात. तो सुरू कुठे होतो? मंडळीत दोन माणसे येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी आहे, अंगावर भारी कपडे आहेत. दुसऱ्याचे कपडे मळकट आहेत. पहिल्याला चांगल्या जागी बसवले जाते. दुसऱ्याला सांगितले जाते की तू तिकडे उभा राहा, नाहीतर इथे माझ्या पायांपाशी बस. विश्वास आणि कृत्ये यांची सारी चर्चा याकोबाने या दोन आसनांवरून उभी केली आहे. त्याला हवे असलेले कृत्य म्हणजे सर्वप्रथम त्या मळकट कपड्यांतल्या माणसाला नीट बसवणे. ज्याच्या माणसांना घाबरून पेत्र अंत्युखियात उठला, त्या याकोबाच्या नावाचे हे पत्र जागेच्या प्रश्नावर पौलाच्या शेजारी येऊन बसते.

आता तो आक्षेप, ज्याला उत्तर देणे मला सर्वांत जड जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीविषयी लिहिताना म्हटले आहे की माणसाच्या पतनाचे कारण भोवतालच्या व्यवस्थेत नसून पापात आहे, असे शिकवले गेल्यामुळे व्यवस्था बदलण्याची ऊर्मीच त्याच्यात उरली नाही. आणि चर्चमध्ये जात तशीच आत आली. यातला दुसरा भाग तर नोंदलेला इतिहास आहे. लुथरच्या परंपरेतले भारतातले पहिले मिशन १७०६ साली तरंगंबाडीला आले. याच मिशनच्या श्वार्ट्झ यांना तंजावरचे मराठे राजे सरफोजी पित्यासमान मानत. विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धांत या मंडळ्यांच्या नसानसांत होता, आणि तरीही उपासनेला वरच्या जातींचे आणि परैयर वेगवेगळे बसत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली जातिभेद मंडळीतून पूर्ण काढून टाकण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावरात अनेकांनी मंडळीच सोडली. गोव्यात पुष्कळ गावांच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे चर्चमधली सेवामंडळे, जातीवर उभ्या राहिल्या. मिरवणुकीत खांद्यावरच्या वस्त्राचा रंग लाल की निळा, यावरून माणूस कोणत्या घरचा ते कळे. लुथरच्या स्वतःच्या देशात तर याहून भयंकर झाले. १५४३ साली यहूद्यांविरुद्ध विखारी पुस्तक लिहिणाऱ्या लुथरची ती भूमी. तिथल्या प्रशियाच्या चर्चच्या धर्मसभेने सप्टेंबर १९३३ मध्ये यहूदी रक्ताच्या पाळकांना पदावरून दूर करण्याचा नियम मंजूर केला. त्यांच्या पाठ्यपुस्तकात विश्वासाने नीतिमान ठरण्याचा धडा अचूक होता. सत्तावीस वर्षांच्या डीट्रिख बोनहॉफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने तेव्हा ओळखले की हा अंत्युखियाचाच प्रश्न उलट्या बाजूने आला आहे: वंशाची अट घातलेली मंडळी ख्रिस्ताची मंडळी उरत नाही. बारा वर्षांनी, एप्रिल १९४५ मध्ये, नाझी राजवटीत त्याला फाशी झाली.

बाबासाहेबांना माझे उत्तर असे की हा सिद्धांत जसा शिकवला गेला त्याविषयी ते बरोबर आहेत. आत्म्याचा निवाडा एका कपाटात आणि बसण्याच्या जागा दुसऱ्या कपाटात ठेवल्या की जे उरते त्यात व्यवस्था हलवण्याची ताकद नसते. पण अंत्युखियात पौलाने मागे राहिलेल्या परराष्ट्रीयांना असे सांगितले नाही की तुमचा आत्मा तारण पावला आहे, जेवणाचे काय घेऊन बसलात, थोडे सोसा. तो उठून गेलेल्यांकडे वळला. दोष त्याने बसलेल्यांच्या पापात शोधला नाही. उठलेल्यांच्या पावलांत शोधला, आणि तोही मंडळीतल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या. कृपा मान्य आणि पंगत वेगळी, ही गाठ केवळ ख्रिस्ती लोकांच्या पदरची नाही. देवाची दया ज्याच्या अभंगांतून वाहते त्या चोखोबाची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे, आणि तो उंबरा खुला व्हावा म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषणाला बसावे लागले. पण दुसऱ्याच्या उंबऱ्याकडे बोट दाखवून आपला सुटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या बाबतीत फार मोलाची आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी पुढे पाच वर्षांनी. मधल्या काळातली त्यांची लढाई ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी कमी आणि सोवळ्याविषयी, कोणाच्या हातचे पाणी चालते याविषयी जास्त होती. त्यांचे सोवळे आधी सुटले, विश्वासाची कबुली मागाहून आली. धर्मशास्त्राच्या पुस्तकांत हा क्रम उलटा असतो. अंत्युखियाची आठवण ठेवली तर लक्ष्मीबाईंचा क्रम समजतो.

कॅथलिक चर्चने १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत लुथरपंथीयांच्या सिद्धांताविरुद्ध शापवचने काढली होती. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीत आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघ यांनी याच सिद्धांतावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस देवाला मान्य होतो तो कृपेनेच, स्वतःच्या कोणत्याही पुण्याईने नव्हे, हे दोघांनी एकत्र मान्य केले. पुढे मेथडिस्ट आले, २०१७ साली व्हिटेनबर्गमध्ये रिफॉर्म्ड चर्चेसही आली. या घटनेचा आनंद मला मनापासून आहे. पण पहिल्या सह्या करणाऱ्या कॅथलिक आणि लुथरन चर्चेसची प्रभुभोजनाची मेजे आजही अधिकृतपणे वेगळी आहेत. सिद्धांतावर एकमत होऊन पंचवीस वर्षे उलटली, आणि पंगत मांडायची राहिली आहे.

करिंथच्या मंडळीत हेच प्रभुभोजन बिघडले होते. सवड असलेले लोक लवकर येऊन जेवून घेत. दिवसभर राबून उशिरा येणारे, त्यांत गुलामही असणार, उपाशी राहत. पौलाने त्यांना लिहिलेले पत्र लांब आहे आणि त्यात ख्रिस्ताच्या देहाविषयी खोल विवेचन आहे. त्या विवेचनाच्या शेवटी तो जे करायला सांगतो ते अगदी साधे आहे: जेवायला एकत्र जमाल तेव्हा जो अजून आलेला नाही त्याच्यासाठी थांबा.